पहिल्या खेपेचा ५जी फोन

१ ऑक्टोबर २०२२ला दिल्लीच्या प्रगती मैदानात पंतप्रधानांच्या हस्ते देशातली ५जी सेवा सुरू झाली. त्याच दिवशी एअरटेलनं ज्या आठ शहरांची नावं जाहीर केली, त्यांत मुंबईबरोबर आमचं नागपूरही होतं. माझ्याकडे तेव्हा ५जी फोन होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत तसं छापलेलं होतं आणि तो घेऊन चौदा महिने झाले होते. त्या संध्याकाळी मी धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत फोन हातात धरून चालत गेलो. कोपऱ्यात '४जी' दिसत राहिलं. मित्राचा फोन आला, "काऊन बे, आलं का ५जी?" नव्हतं आलं. यायला पुढे सहा आठवडे लागले.

मी शिकवणीत बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. 'सर, फोन ५जी, शहर ५जी, मग ५जी का नाही?' हा प्रश्न वर्गात आला तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागलं. मग एकेक गोष्ट शोधत गेलो. नवीन नेटवर्कवरच्या पहिल्या खेपेच्या फोनमध्ये जे बिघडतं त्यातलं बरंचसं काळानं बरं होतं, पण काही गोष्टी कधीच बऱ्या होत नाहीत. कोणतं दुखणं कुठल्या जातीचं, हे दुकानातला माणूस सांगत नाही. जाहिरात तर नाहीच नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात खोक्यापासून करू. भारतात '५जी' म्हणून विकला गेलेला पहिला फोन रिअलमीचा एक्स५० प्रो, फेब्रुवारी २०२०चा. म्हणजे सेवा सुरू होण्याच्या अडीच वर्षांहून अधिक आधी. देशातला ५जीच्या लहरींचा लिलाव सुरू झाला २६ जुलै २०२२ला, सात दिवस चालला, आणि सरकारला त्यातून सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली मिळाली. कोणती कंपनी कोणत्या लहरी वापरणार हे त्या आठवड्यात पक्कं झालं. त्याआधी फोन बनवणाऱ्यांनी काय केलं असेल? अंदाज बांधला. जगात इतरत्र जी लहर सर्वांत जास्त चालत होती, तिचा भाग फोनमध्ये बसवला आणि खोक्यावर '५जी' छापलं. अंदाज बहुतांशी बरोबर निघाला, पण पूर्ण नाही.

'लहर' म्हणजे काय ते इथे नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. भारतात ५जीसाठी प्रामुख्यानं तीन ठिकाणच्या लहरी विकल्या गेल्या. एक ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासची, तिला तांत्रिक भाषेत 'एन २८' म्हणतात. दुसरी ३,३०० मेगाहर्ट्झपासून वरची, 'एन ७८'. तिसरी थेट २६,००० मेगाहर्ट्झची, 'एन २५८'. पहिलीची लांबी साधारण ४३ सेंटिमीटर, दुसरीची साडेआठ, आणि तिसरीची जेमतेम एक सेंटिमीटर. लग्नाची वरात दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा घरात बसून तुम्हाला काय ऐकू येतं? नुसता ढोलाचा धम्-धम्. गाण्याचे शब्द, सनईचा सूर भिंतींत अडकतो. खालचा, लांब लहरीचा आवाज भिंती ओलांडतो, वरचा ओलांडत नाही. रेडिओलहरींचंही जवळपास तसंच आहे. ७०० मेगाहर्ट्झ घराच्या आतल्या खोलीपर्यंत पोचते, ३,५०० खिडकीपाशी दमते, आणि २६,०००ला झाडाची पानंसुद्धा आडवी येतात.

मग सगळं ७००वरच का नाही चालवत? कारण तिथे जागा नाही. ७००मध्ये देशभरासाठी बोली लावणारी एकटी जिओ होती, आणि तिला जाण्या-येण्याच्या प्रत्येक बाजूला १० मेगाहर्ट्झची पट्टी मिळाली. ३,३००च्या वर जिओ आणि एअरटेल या दोघांकडेही प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झच्या आसपासची सलग पट्टी आहे. रस्ता रुंद असेल तर गाड्या जास्त जातात. ५जीचा जो वेग जाहिरातीत दिसतो तो या मधल्या रुंद पट्टीतून येतो, आणि तीच पट्टी भिंतीला घाबरते. घरात शिरलं की वेग पडतो, गॅलरीत आलं की चढतो, हे त्याचंच फळ.

आता फोनकडे. प्रत्येक लहर पकडायला फोनच्या आत वेगळी चाळणी लागते, नको त्या लहरी गाळून हवी तेवढीच आत घेणारी. सोबत त्या लांबीला साजेशी अँटेनाही लागते. प्रत्येक चाळणीला पैसे पडतात, जागा लागते. म्हणून स्वस्तातल्या पहिल्या ५जी फोनमध्ये कितीतरी वेळा एक-दोनच ५जी चाळण्या असत. माझ्या फोनमध्ये एकच होती, एन ७८ची. ही गोष्ट मी फोन घेताना विचारली नाही आणि कुणी सांगितलीही नाही. खोक्यावर 'किती लहरी' हे मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. हे दुखणं कधीच बरं न होणाऱ्या जातीचं आहे. चाळणीच नसेल तर कितीही अपडेट आले तरी ती उगवत नाही. जुना फोन कुणी स्वस्तात देत असेल तर कॅमेऱ्याच्या आधी ही यादी बघा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

माझे ते सहा आठवडे मात्र चाळणीमुळे गेले नाहीत. चाळणी होती, टॉवर होता, तरी फोन ५जी पकडत नव्हता, कारण फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतातल्या नेटवर्कसाठी ५जी बंद ठेवलेलं होतं. हे फक्त माझ्याकडेच झालं नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये आलेल्या आयफोन १२मध्येही ५जी होतं. भारतात ते सर्वांसाठी चालू झालं १३ डिसेंबर २०२२च्या आयओएस १६.२ अपडेटनं. माझ्या फोनच्या सेवा केंद्रात मी दोनदा जाऊन आलो. एकदा उत्तर मिळालं 'सिम बदला', दुसऱ्यांदा 'फोन फॉरमॅट करा'. दोन्ही सल्ले चुकीचे होते. ५जीसाठी नवं सिम लागत नाही, ४जीचंच चालतं. त्याच काळात '५जी सिम चालू करून देतो, ओटीपी सांगा' म्हणणाऱ्या भामट्यांबद्दल पोलिसांना ठिकठिकाणी इशारे द्यावे लागले होते. अशा वेळी अधिकृत केंद्रातूनच 'सिम बदला' सांगितलं जावं, याचा मला आजही राग येतो.

पण सॉफ्टवेअरचं कुलूप मुळात का असतं, ते समजल्यावर माझा राग थोडा निवळला. भारतातलं पहिलं ५जी दोन वेगळ्या पद्धतींनी आलं. एअरटेलनं घेतलेल्या पद्धतीत ५जी एकटं उभं राहत नाही. फोन आधी ४जीच्या टॉवरशी जोडला जातो, ओळखपाळख, हिशेब, कुठे आहे कुठे नाही हा सगळा कारभार ४जी बघतं, आणि डेटाचं ओझं वाढलं की शेजारी ५जीची वाट उघडली जाते. जिओनं दुसरी पद्धत घेतली. तिथे ५जीचं घर स्वतंत्र, मागची यंत्रणाही स्वतंत्र. पहिल्या पद्धतीत फोनला एकाच वेळी दोन नेटवर्कशी बोलावं लागतं. कुठल्या ४जी लहरीबरोबर कुठली ५जी लहर चालेल अशा जोड्यांची यादी फोनमध्ये आधीच भरलेली असावी लागते, आणि प्रत्येक जोडी त्या-त्या कंपनीच्या टॉवरवर तपासून घ्यावी लागते. तपासणी न करता उघडलं तर फोन मध्येच तुटेल, कॉल पडतील, आणि बदनामी फोनवाल्याची होईल. म्हणून कुलूप. हे दुखणं बरं होणाऱ्या जातीचं. नोव्हेंबरच्या मध्यात एका सकाळी अपडेट आला, फोन बंद होऊन चालू झाला, आणि कोपऱ्यात '५जी' उमटलं. मी शिकवणीच्या पायरीवर उभा होतो. पोरं सायकली लावत होती, त्यांना बोलावून दाखवलं.

ज्यांनी २०१६ पाहिलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. जिओचं नेटवर्क आलं ते फक्त ४जीचं, खाली २जी-३जीचा आधार नव्हता. त्यामुळे ४जीवरूनच कॉल करता येणारा फोन हवा होता. ४जी असूनही ही सोय नसलेले फोन त्या वेळी कितीतरी लोकांच्या हातात होते. त्यांना कॉलसाठी वेगळं ॲप टाकावं लागलं. तेव्हाही खोक्यावर '४जी' लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं.

माझ्या हातून झालेला एक प्रयोग सांगतो, कारण त्यातून दोन पद्धतींतला फरक चांगला कळतो. अँड्रॉइड फोनच्या डायलरवर *#*#४६३६#*#* दाबलं की बऱ्याच फोनमध्ये तपासणीचं एक पान उघडतं. तिथे नेटवर्कचा प्रकार निवडता येतो. 'एनआर ओन्ली' म्हणजे 'फक्त ५जी' असा पर्याय मला दिसला. ५जीनं सारखं ये-जा करू नये म्हणून मी तो निवडला. फोन मुका झाला. नेटवर्क नाही, कॉल नाही, काही नाही. मला वाटलं बिघडला. खरं तर माझं नेटवर्क पहिल्या पद्धतीचं. ज्या ४जीच्या खांद्यावर ते ५जी बसलं होतं, तो खांदाच मी काढून घेतला होता. हाच प्रयोग स्वतंत्र ५जी असलेल्या नेटवर्कवर केला असता तर इंटरनेट चाललं असतं. अत्यावश्यक कॉलसुद्धा अडू शकतो, म्हणून कुतूहल भागलं की तो पर्याय लगेच पूर्ववत करा.

याच खांद्यामुळे कोपऱ्यातलं चिन्हही फसवं ठरतं. पहिल्या पद्धतीत ४जीचा टॉवर जाहीर करतो की 'माझ्या शेजारी ५जी आहे', आणि बरेच फोन तेवढ्यावर '५जी' दाखवतात. प्रत्यक्षात त्या क्षणी सगळं काम ४जीवरच चाललेलं असू शकतं. चिन्ह ५जीचं आणि वेग ४जीचा असं दिसलं तर फोन बिघडला असं समजू नका. फोननं दाराची पाटी वाचली आहे, आत पाऊल अजून टाकलेलं नाही.

आता बॅटरी आणि उष्णता. दोन नेटवर्कशी एकाच वेळी बोलायचं म्हणजे दोन रेडिओ जागे. त्यात पहिल्या खेपेच्या चिपची रचनाही खर्चिक होती. २०२०च्या महागड्या फोनमधल्या क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८६५ या मुख्य चिपमध्ये मोडेम, म्हणजे नेटवर्कशी बोलणारा भाग, नव्हताच. एक्स५५ नावाचा वेगळा मोडेम शेजारी बसवावा लागे. पुढच्या वर्षीच्या ८८८मध्ये मोडेम मुख्य चिपच्या आत गेला. नवीन नेटवर्कवर आणखी एक गोष्ट होते. टॉवर विरळ असतात, त्यामुळे फोन सतत शोधत राहतो, एका गल्लीत ५जीला धरतो, दुसरीत सोडतो, पुन्हा धरतो. हे धर-सोड करणं बॅटरीला फार महाग पडतं. पहिल्या हिवाळ्यात माझा फोन संध्याकाळी सहालाच चार्जर मागायचा. टॉवर वाढत गेले तसा तो रात्रीपर्यंत टिकू लागला. फोन तोच, बॅटरी उलट वर्षभर जुनी झालेली.

मे महिन्यात मात्र इलाज चालत नाही. नागपुरात पारा ४५च्या आसपास असतो. फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी ५जी सोडतो आणि ४जीवर येतो. २०१९च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिले ५जी फोन तपासणाऱ्यांना हेच दिसलं होतं. फोन बाहेर उन्हात ४जीवर घसरायचे, म्हणून काहींनी ते बर्फाच्या पेटीत ठेवून पाहिले. तिथल्या उन्हाळ्यात जर असं होत असेल तर आमच्या वर्धा रोडवर दुपारी दोनला काय होणार, ते सांगायला नको. फोनला जाड कव्हर असेल तर मे महिन्यात काढून ठेवा, एवढाच उपाय मला सापडला.

नागपूरकर आणि पुणेकर यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली, जी फारशी कुणाच्या कानावर गेली नाही. २९ नोव्हेंबर २०२२ला दूरसंचार विभागानं कंपन्यांना कळवलं, की विमानतळाच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मधल्या रेषेपासून ९१० मीटरच्या आत या मधल्या पट्टीतले ५जी टॉवर उभारू नका. नागपूर, पुणे, दिल्ली, बंगळुरू आणि गुवाहाटीच्या विमानतळांपाशी तसे टॉवर तोवर लागलेले होते. कारण असं, की विमान जमिनीपासून किती उंच आहे हे मोजणारं यंत्र ४,२०० ते ४,४०० मेगाहर्ट्झवर चालतं. ५जीची पट्टी त्याच्या खाली आहे, मधे मोकळी जागाही आहे. पण विमानातली काही जुनी यंत्रं शेजारचा आवाज नीट गाळू शकत नाहीत. तिथेही प्रश्न चाळणीचाच. विमानतळाजवळ राहणाऱ्यांना शहरभर ५जी आणि आपल्याकडे पोकळी असं दिसायचं, त्यामागचं हे एक कारण.

इतकं सगळं असताना तो फोन मला का आवडला, हे आता सांगतो, आणि ते मी मनापासून सांगतो.

मी रात्री धड्यांचे व्हिडिओ चढवतो. काटोल, सावनेर, उमरेडकडची मुलं रोज शहरात येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी. एक धडा दोन जीबीचा होतो. इथे बिट आणि बाइट यांतला घोटाळा टाळा. वेग मोजतात बिटमध्ये, फाइल मोजतात बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. दोन जीबी म्हणजे साधारण १६,००० मेगाबिट. माझ्या ४जीवर वर जाण्याचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट मिळायचा, म्हणजे ३,२०० सेकंद, त्रेपन्न मिनिटं. मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. ५जीवर गच्चीत उभं राहून ४० मिळाले त्या रात्री तोच धडा सात मिनिटांच्या आत गेला. मला आठवतं, मी खाली जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत संपलं होतं. आधीच्या दोन वर्षांत मी कितीतरी वेळा फोन उशाशी ठेवून, टक्के बघत झोपी गेलो होतो.

खाली उतरण्याचा वेग याच्या कितीतरी पट होता, शेकड्यांत. वर जाण्याचा इतका कमी का? टॉवरची मोठी अँटेना शंभर-दोनशे वॉटच्या घरात बोलते, तुमच्या फोनला परवानगी आहे एक पंचमांश वॉटची. देवळावरचा भोंगा तुम्हाला अर्ध्या कोसावरून ऐकू येतो, पण तुम्ही तिथून दिलेली हाक पुजाऱ्याला ऐकू जात नाही. शिवाय या पट्टीत जाणं आणि येणं एकाच लहरीवर आळीपाळीनं चालतं आणि वेळेचा मोठा वाटा उतरणाऱ्या डेटाला दिलेला असतो. म्हणून टॉवरपासून लांब गेलं की ५जीची वर जाणारी बाजू आधी मान टाकते, आणि मग ४जीचा तो खांदा कामी येतो. फोन ऐकतो ५जीवर आणि बोलतो ४जीवर.

आठवणीतला दुसरा दिवस २४ ऑक्टोबर २०२३चा, दसरा. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकाला घरी फोटो पाठवायचा आहे. अशा वेळी ४जीचं काय होतं ते नागपूरकराला माहीत आहे. यवतमाळहून आलेली एक आजी नातवाकडे हट्ट धरून होती, की स्तूप गावाकडच्या म्हाताऱ्याला आत्ता दाखव. नातवाच्या फोनवर चाक फिरत होतं. मी माझा फोन दिला. रुंद आणि अजून रिकाम्या असलेल्या त्या पट्टीवरून व्हिडिओ कॉल लागला आणि टिकला. नवीन नेटवर्क पहिली दोन-तीन वर्षं असं असतं, नव्या बायपाससारखं. रस्ता तयार, गाड्या कमी. ज्यांनी आधी फोन घेतला त्यांना ही मोकळीक मिळते, आणि ती पुढे राहत नाही. माझ्या मते पहिल्या खेपेच्या फोनचं खरं मोल यातच आहे. चौदा महिने वाट पाहिल्याची भरपाई त्या एका दुपारी झाली, असं मला वाटलं.

वोडाफोन-आयडियाचं ५जी मुंबईत आलं ते मार्च २०२५मध्ये. तोवर माझा तो फोन काटोलला बाबांकडे गेला होता. त्यांच्या सिमचं ५जी तिथे ७०० आणि ३,३०० या दोन्ही लहरींवर येतं. शेजारच्या मुलाचा नवा, स्वस्तातला फोन घराच्या आतल्या खोलीत ७००वर ५जी धरतो. बाबांच्या फोनला ती चाळणी नाही. त्यांनी स्वतःच शोधून काढलं आहे, की जिन्याच्या नवव्या पायरीला चिन्ह येतं आणि गच्चीत पाण्याच्या टाकीपाशी ते हलत नाही. संध्याकाळी ऊन उतरलं की ते तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकतात आणि मला फोन लावतात.